टेकाडाखालची चांगली माणसं

१४ सप्टेंबर, शनिवार

पोचलो एकदाचे! शारजातल्या अल मजाजच्या एकविसाव्या मजल्यावरून थेट जमिनीवर. आठ वर्षं खिडकीतून पाणी आणि दिवे बघितले, आता पायाखाली माती आहे. फुजैराच्या जरा बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी तीन बैठ्या व्हिला एका ओळीत आहेत, त्यातली मधली आमची. मागे छोटंसं अंगण, मग एक ठेंगणं दगडांचं टेकाड, त्यामागे उघडेबोडके डोंगर. संजय म्हणाला, इथे करमणार नाही तुला. मी म्हटलं, तू तुझ्या टर्मिनलवर जहाजांत तेल भर, माझं मी बघते. तुळशीची कुंडी सगळ्यात आधी उतरवली.

ही वही खरं तर डॉक्टरांच्या हुकमावरून. अस्मीचा दमा वाढला तेव्हा शारजाचे डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवा, खोकला किती वाजता, पंप किती वेळा, काय खाल्लं. म्हटलं, लिहायचंच आहे तर नुसता खोकला कशाला, सगळंच लिहू. कावेरीबाईंना बोलायला कोणीतरी हवंच.

तर आज पंप दोनदा. प्रवासाची धूळ. अस्मी सात वर्षांची आहे आणि इथेच जन्मली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. "अगं, चप्पल घाल" म्हटलं की "इन अ मिनिट, ममा". सासूबाईंना रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर नातीचं एक अक्षर कळत नाही, आणि त्याचा राग माझ्यावर निघतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

डावीकडे हैदराबादचे ओवेसभाई आणि जहांआरा. पहिल्याच दिवशी तिने जर्दाळूचं गोड, खुबानी का मीठा, पाठवलं. मी तिचा डबा नारळाच्या वड्या घालून परत केला. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने लहानपणी इतकं घोकून घेतलंय की हात रिकामा डबा उचलतच नाही. तीही त्याच वळणाची. चार दिवसांत आमची भांडी पाचदा आली-गेली.

उजवीकडे ओर्ला. साठीची, आयर्लंडची, वीस वर्षं इथल्या शाळांत शिकवतेय. लाल गाल, मोठं हसणं. पंप एकदा.

२२ सप्टेंबर, रविवार

ओर्ला रोज मावळतीला टेकाडापाशी बशीभर दूध ठेवते. मला वाटलं, मांजरासाठी. आज विचारलं, तर म्हणाली की अकरा वर्षं ठेवतेय, तिच्या आजीच्या गावी असंच करायचे. तिकडे अशा टेकाडांखाली माणसं राहतात, आपल्याआधीची. त्यांना त्यांच्या भाषेत ईस शी म्हणतात, म्हणजे टेकाडाची माणसं. मला हसू आवरेना, मराठी माणसाच्या कानाला 'शी' म्हणजे काय ते तिला कसं सांगणार! पण तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, हा शब्द मी घरात बसून सांगतेय, बाहेर उच्चारू नकोस. बाहेर म्हणायचं, 'चांगली माणसं'. त्यांना ते आवडतं. मला लगेच पटलं. आमच्या देवरुखला दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात.

आणखी एक सांगितलं. त्यांना द्यावं, पण त्यांचं काही घेऊ नये, खाऊ तर मुळीच नये. ही माणसं लहान मुलं नेतात आणि त्यांच्या जागी आपल्यातलं ठेवतात. हे तिने चहात साखर ढवळत सांगितलं. ओवेसभाईंना टेकाडाबद्दल विचारलं तर म्हणाले, पुराने ज़माने की कब्रें होंगी, भाभी, छेड़ना मत.

३ ऑक्टोबर, गुरुवार

ओर्ला गेली, कायमची. भाऊ आजारी आहे तिचा. जाताना बजावून गेली की मी त्यांचा निरोप घेतलाय, आता कोणी काही ठेवायचं नाही.

पण मला चैन पडेना. अकरा वर्षं रोज दूध मिळालं, आणि एका संध्याकाळी एकदम बंद? आमच्याकडे राखणदाराचा नारळ एक वर्ष चुकला तर म्हातारी माणसं जेवत नाहीत. म्हटलं, वाटीभर दुधाने माझं काय जातंय. स्टीलच्या वाटीत ठेवलं आणि जरा टेकले तिथेच. बोललेही थोडं. संजय शिफ्टवर, अस्मी इंग्रजीत, जहांआरा हिंदीत. दिवसभरात मराठी बोलायला माणूस नाही. दगड निदान मध्येच तोडत नाहीत.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मागच्या पायरीवर लाकडी वाडगा होता, त्यात पांढरंशुभ्र लोणी. जहांआराचंच असणार. अस्मीने गरम भाकरीवर घेऊन खाल्लं, बोटं चाटली, आणखी मागितलं. वाडग्यात वड्या घालून जहांआराकडे गेले तर ती म्हणते, ये तो मेरा है ही नहीं.

परत आले. वाडगा वड्यांसकट पायरीवरच ठेवला. म्हटलं, ज्याचा असेल तो नेईल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

वड्या गेल्या. वाडगा पुन्हा भरून आला. लोणी टाकून देणार होते, हातात घेतलंही होतं. पण दोन रात्री अस्मी खोकलेली नाही. एकदाही नाही. पंप शून्य.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आठवडा झाला, पंप कपाटात आहे. अस्मी अंगणात पळते, पळून आल्यावर हसते. इतकी वर्षं मी तिच्या पाठीला कान लावून झोपले, ती शिट्टीसारखी धाप मोजत. आता शांत झोपते.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला माहीत आहे लोणी कुणाकडून येतं. ओर्लाचा शब्द न् शब्द आठवतो. तरी रोज सकाळी मी ते तिच्या भाकरीवर घालते. कोणी मला नावं ठेवायच्या आधी दम्याचं पोर एकदा कुशीत घेऊन रात्र काढावी.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आता ते माझं काही घेत नाहीत. वड्या, बेसनाचे लाडू, काल तर पुरणपोळी केली. सकाळी माझे पदार्थ पायरीवर एका ओळीत मांडलेले, आणि वाडगा लोण्याने भरलेला. मुंगीसुद्धा लागलेली नाही. त्यांनी एवढं मोठं देणं दिलं, त्यापुढे लाडूंना कोण विचारतो.

मग हवंय काय त्यांना? हा विचार मी पुढे जाऊ दिला नाही. ओर्लाला मेसेज केला.

२७ ऑक्टोबर, रविवार

ओर्लाचा फोन आला. तिने एकच विचारलं, मुलीने खाल्लं का? मी हो म्हटलं. ती रडायला लागली.

म्हणाली, चूक तिचीच. अकरा वर्षांपूर्वी घरच्या आठवणीने जीव कासावीस झाला म्हणून ती त्या टेकाडापाशी बसून आपल्या गावच्या शब्दाने हाका मारायची. त्या दगडांखाली मुळात कोण होतं, तिला माहीत नाही. पण जे होतं त्याने त्या नावाला ओ दिली, आणि तेव्हापासून ते तसंच वागतं.

आता काही देऊ नकोस, घेऊ नकोस, म्हणाली. या महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांची दारं उघडतात. त्या दिवशी मुलीला उंबऱ्याबाहेर सोडू नकोस.

लोणी सिंकमध्ये टाकलं. दूध बंद. रात्री अस्मीला धाप लागली. पंप तीनदा.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

पंप पाच वेळा. अस्मी विचारते, व्हेअर इज द बटर, ममा? मी नाही म्हणते आणि न्हाणीघरात जाऊन रडते. वाडगा पायरीवरच आहे. रोज भरलेला. हात लावलेला नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा लक्ष्मीपूजन आज की उद्या यावर मंडळाच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. संजयची उद्या शिफ्ट, म्हणून आम्ही आजच केलं. मी सकाळपासून अस्मीला घरात कोंडून ठेवली. दारं बंद. सगळं नीट चाललं होतं.

पुढच्या दारातून आत येणारी लक्ष्मीची पावलं मी छापाने काढली. अस्मीला सांगितलं की पावलांची बोटं नेहमी घराकडे, म्हणजे लक्ष्मी आत येते. मग करंज्या तळायला गेले. संजयला मी हे काही सांगितलं नव्हतं, काय सांगणार? फटाक्यांचा आवाज कुठून येतोय ते बघायला त्याने मागचं दार उघडलं.

अस्मीने उरलेल्या रांगोळीने मागे पावलं काढली होती. टेकाडाच्या पहिल्या दगडापासून आमच्या मागच्या दारापर्यंत. इवली इवली, नीट, बोटं घराकडे. मला हौसेने म्हणाली, लुक, ममा, दे आर कमिंग इन.

मी ओलं फडकं घेऊन वेड्यासारखी पुसत सुटले. शेवटचं पाऊल टेकाडापाशी पुसून वर बघितलं तर अस्मी माझ्याशेजारी, दगडांकडे तोंड करून उभी. केव्हा आली? हात धरला तर थंडगार होता. ओढत आत आणली. अझान होत होती.

पंप शून्य.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अस्मी मराठीत बोलली.

उठली आणि म्हणाली, "आई, आज ऊन बरं पडलंय हो." स्वच्छ, हेल काढून. संजयने तिला उचलून घेतलं, गोल फिरवलं. मी चहाचं आधण उतू जाऊ दिलं.

३ नोव्हेंबर, रविवार

सासूबाई व्हिडिओ कॉलवर आनंदाने रडल्या. ती त्यांना म्हणाली, "गुडघे कुरकुरतात बाई, पण सांगायचं कुणाला!" सगळे हसले.

हे माझं वाक्य आहे. मी घरात कधी बोललेले नाही. फक्त तिकडे, दगडांपाशी बसून.

४ नोव्हेंबर, सोमवार

धावते, पण घाम येत नाही. कितीही खाते. तिच्या पाठीला कान लावला. छातीत काही नाही. दमा नाही, आणि दुसरंही काही नाही, नुसतं रिकाम्या खोलीसारखं. ती मान वळवून बघत राहिली. म्हणाली, "काय ऐकतेस, आई?"

अस्मी मला ममा म्हणते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी टेकाडापाशी गेले. कान लावला.

ती शिट्टी. आत येताना बारीक, बाहेर जाताना लांब. सात वर्षं ऐकलेली. मग, ममा, इट्स हर्टिंग.

दगड उपसले. नखं गेली. संजय आणि ओवेसभाईंनी मला धरून घरात आणलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. खाली माती आहे फक्त, संजय म्हणतो. घरातली ही खिडकीत उभी राहून बघत होती.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्याजवळ पंप नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या अंधारात माझं पोर आणि पंप इथे कपाटात!

नवा पंप वाडग्यात घालून टेकाडापाशी ठेवला. पाठीमागे आकडा असतो, किती दाब उरले ते सांगणारा. २००.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

वाडगा सकाळी पायरीवर. पंप आत. १९६.

जिवंत आहे. जिवंत आहे. माझी अस्मी जिवंत आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

१५१. रात्रीत अकरा-अकरा दाब. धाप वाढतेय तिची. रोज संध्याकाळी ठेवते, सकाळी आकडा वाचते, तेवढंच बोलणं आमचं. ऑनलाइन सात पंप मागवून ठेवले.

संजय हिला आणि मला फुजैराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. छाती क्लीन, म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, तुम्हाला झोप लागते का?

संजय ओरडत नाही. ओरडला असता तर बरं. मला घास भरवतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ओर्लाला फोन केला. परत मिळतं का, विचारलं. म्हणाली, कधी कधी ते स्वतःच आणून ठेवतात. कधी? माहीत नाही. कसं ओळखायचं? माहीत नाही. तिच्या आजीच्या बहिणीला ओळखता आलं नव्हतं. फोन ठेवून दिला.

१७ नोव्हेंबर, रविवार

संजयने खणातले सातही पंप आणि कपाटातला जुनाही कचऱ्यात टाकला. बरी झालेल्या मुलीसाठी सात पंप, कावेरी? माझं कार्ड काही दिवस त्याच्याकडे. फोनवरचं ऑर्डरचं ॲपही काढलं. लोकांची मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून लोक रडतात, म्हणाला, आणि तू आपली मुलगी बोलते म्हणून रडतेस. मग स्वतःच रडला. २३ची तिकिटं काढलीत. मी आणि ही, देवरुखला, आईकडे.

वाडग्यातला एक तेवढा टेकाडापाशी होता म्हणून वाचला. आकडा ५८.

मी गेल्यावर तिला पंप कोण देणार?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

३३. जहांआराला म्हटलं, एक पंप आणून दे ग. तिने कानांवर हात ठेवले. भाईसाहब ने मना किया है.

दगडांना म्हटलं, मला घ्या. माझं नाव, माझा आवाज, काय हवं ते घ्या. ऐकत असतील. बोलत नाहीत.

ही मागे येऊन उभी होती. म्हणाली, "आई, सर्दी होईल तुला. आत चल."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

११. सामान बांधलं संजयने. हिचे कपडे हिनेच घड्या घालून दिले. अस्मीला घड्या येत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आकडा २.

संजय आठला येईल. ओवेसभाईंकडचे गावात गेलेत.

५:२० — पंप ठेवून आले. दोनच, बाळा, जपून घे, म्हटलं. आतून फक्त शिट्टी.

५:३१ — घरात आले. ही पलंगावर बसलीय. पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. धाप. शिट्टी. आत येताना बारीक, बाहेर जाताना लांब.

म्हणतेय, ममा. पंप.

ममा म्हणतेय.

५:३३ — कपाळाला घाम आहे. केसांत माती. मी विचारलं, कोण तू. आय वॉज कॉलिंग यू, म्हणाली, आय वॉज कॉलिंग यू द होल टाइम. पाठीला कान लावला. सगळं आहे. सगळं जसंच्या तसं. त्यांना माझ्याकडून एवढंच शिकायचं राहिलं होतं का? की आणून ठेवली? उद्या मी जाणार म्हणून आणून ठेवली?

५:३५ — ॲम्ब्युलन्सला, ९९८ला फोन. वीस मिनिटं म्हणाले. पेशंट किती, विचारलं.

मी किती सांगू?

वेळ लिहून ठेवा म्हणाले. लिहितेय.

५:३८ — धावत जाऊन पंप घेऊन आले. वाडग्यातून उचलला तेव्हा आत — दगडांखाली — तिलाही धाप लागलीय. तशीच. ममा, म्हणाली, डोन्ट टेक इट. डोन्ट टेक इट, ममा, प्लीज. मी उचलला. तिच्या पुढ्यातून उचलला मी.

५:४० — पंप माझ्या हातात. आकडा २. हिने हात पुढे केलेत. ओठ निळे पडतायत. मागचं दार उघडं आहे, तिकडूनही ऐकू येतंय, दोघींचा श्वास एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर —

५:४१ — एक हिला, एक तिला — नाही. एका दाबाने काही होत नाही. मला माहितेय. दोन्ही एकीलाच लागतील. एकीलाच —

आई असून मला कळत नाही. देवा, मला कळत नाही.

५:४२ — हिचे डोळे वर — तिकडची शिट्टी बारीक — दोघीही — मी झाकण काढलंय, आता मी